बे-लीफ : सहाशे वर्षांचे एक लाकडी शेतघर

इंग्लंडच्या आग्नेयेस असलेल्या केंट परगण्यात, चिडिंगस्टोन गावाच्या परिसरात, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाणीपुरवठ्यासाठी जलाशय बांधण्यात आला. त्याच्या बुडीत क्षेत्रात बे-लीफ नावाचे एक जुने शेतघर होते. ते पाण्याखाली जाऊ देण्याऐवजी १९६८-६९ मध्ये लाकूड न् लाकूड सुटे करून उतरविण्यात आले आणि पश्चिम ससेक्स परगण्यातील सिंगलटन येथे, वील्ड अँड डाउनलँड या खुल्या संग्रहालयात, पुन्हा उभे करण्यात आले. आज चिचेस्टरजवळच्या त्या हिरव्या उतारावर हे घर पाहणाऱ्यास ते तेथलेच वाटते.

सबंध घर असे उचलून नेता आले, याचे श्रेय मूळ सुतारांना आहे. घराचा सारा भार ओक लाकडाच्या सांगाड्यावर पेलला आहे. भिंती केवळ आडोशापुरत्या. एका तुळईच्या टोकाला काढलेली जीभ दुसरीच्या खाचेत बसवायची, आरपार भोक पाडून त्यात लाकडी खुंटी ठोकायची, अशी ही जोडणी. लाकूड ओले असतानाच घडवीत. पुढे ते वाळताना सांधे अधिकच आवळले जात. सांगाडा आधी जमिनीवर जुळवून पाहत आणि कोणता तुकडा कोणाशी जोडायचा, हे कळण्यासाठी सांध्यांवर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरीत. खुंट्या काढल्या की घर सुटे, ठोकल्या की पुन्हा उभे.

खांबांमधील मोकळी जागा ज्या रीतीने भरली आहे, ती पाहून कोकणातल्या माणसाला घरची आठवण होईल. ओकच्या उभ्या दांड्यांत हेझलच्या लवचिक काठ्या विणायच्या आणि त्यावर माती, पेंढा व शेण यांचा लेप द्यायचा. हा आपला कूडच की! कारवीच्या जागी हेझल, एवढाच काय तो फरक.

आत पाऊल टाकताच नजर वर जाते. मधले मोठे दालन जमिनीपासून छपरापर्यंत मोकळे आहे. मातीच्या जमिनीवर मध्यभागी उघडी चूल, धुराडे नाही. धूर वर जाऊन छपरात रेंगाळे व कौलांच्या फटींतून हळूहळू बाहेर पडे. खिडक्यांना काच नाही, ओकचे उभे गज आणि आतून फळ्यांची झापे आहेत. हिवाळ्यात उजेड हवा की ऊब, यांतून एकाचीच निवड करावी लागे. दालनाच्या एका टोकास कोठीच्या दोन खोल्या असून त्यांतील एकीचे इंग्रजी नाव ‘बटरी’. लोण्याशी या शब्दाचा संबंध नाही. तो पेयांच्या पिंपांवरून आला आहे. दुसऱ्या टोकास मालकाची खासगी खोली, तिच्यावर शयनगृह आणि त्याला लागून बाहेर काढलेला शौचकूप. दोन्ही टोकांचे वरचे मजले पुढे झुकलेले असल्याने मधले दालन आत गेल्यासारखे दिसते, आणि या सर्वांवर मात्र एकच सलग छप्पर. केंट-ससेक्सच्या या घाटाला ‘वील्डन’ घर म्हणतात.

असे घर सरदाराचे नव्हे. स्वतःच्या कष्टाने वर आलेल्या शेतकऱ्याचे होते. १३४८-४९ च्या प्लेगच्या महामारीनंतर इंग्लंडमध्ये माणसे कमी झाली, मजुरी वाढली, जमिनी हाती येऊ लागल्या. वाचलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांनी अशी घरे बांधली. एवढ्या सुंदर घरामागे एवढे मोठे मरण आहे, हे विसरता येत नाही.

लाकडातील वर्तुळांच्या मोजणीवरून दालनाचा व कोठीचा भाग १४०५ ते १४३० च्या दरम्यानचा, तर मालकाच्या खोल्यांचा भाग १५०५ ते १५१० च्या सुमाराचा ठरला आहे. पुढील शतकांत येथे राहणाऱ्यांनी दालनात मजला घातला, विटांचे धुराडे बांधले. घर पुन्हा उभारताना संग्रहालयाने ही नंतरची भर वगळली आणि ते सुमारे १५४० सालचे म्हणून मांडले.

येथे आपण जैन वाचकांनी थोडे थांबावे. जीर्णोद्धार हा आपल्याकडे पुण्याचा विषय. दिव्याची जळती वात उंदराने पळविलेली पाहून लाकडी मंदिराच्या काळजीने व्याकूळ झालेल्या उदयन मंत्र्याची कथा शत्रुंजयाच्या परंपरेत सांगितली जाते. त्याच्या पुत्राने पुढे ते मंदिर दगडात बांधले. वंदनीय स्थान टिकावे, हा त्यामागील भाव. परंतु जुने कोरीव लाकूड वा पाषाण उतरवून त्या जागी नवा संगमरवर बसविला, तर पूर्वजांच्या हाताचे काय उरते? पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिराचा सोळाव्या शतकातील लाकडी मंडप आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. १९१६ मध्ये तो तेथे पोचला. घुमटावरील देवांगना, वादक सारे आहेत, पण खाली दर्शनाला कोणी येत नाही. बे-लीफचेही तेच : चूल पेटते, घरात मात्र कोणाचा संसार नाही. संग्रहालयाचा १५४० चा निर्णय मला पूर्णपणे पटत नाही. विटांचे धुराडे हीही कोणा गृहिणीच्या डोळ्यांची धुरापासून झालेली सुटका होती. तीही घराच्या इतिहासाचाच भाग होती. मात्र कुजलेल्या जागी नवा ओक जोडताना जुने जेवढे शक्य तेवढे राखले, ही शिस्त आपल्या मंदिर-समित्यांनी अवश्य पाहावी.

त्याच जलाशयाच्या क्षेत्रातून विंकहर्स्ट नावाची आणखी एक लहान लाकडी वास्तू या संग्रहालयात आली आहे. तिच्यात आता सोळाव्या शतकातील स्वयंपाकघर मांडले असून, त्या काळच्या रीतीने पदार्थ कसे करीत, हे तेथे प्रत्यक्ष करून दाखवितात.