सपाट रस्ता

संक्रांतीला निफाडला भाचीकडे गेले होते. सोबत आठवीतला नातू आणि आमच्या दोघांच्या सायकली. गाडीवर सायकली बांधताना मुलगा एवढंच म्हणाला, "आई, वय त्र्याहत्तर आहे, सतरा नाही." मी म्हटलं, "रस्ता सपाट आहे रे."

आणि खरंच, यापेक्षा सोपा रस्ता शोधून सापडायचा नाही. निफाडहून चांदोरी, पूल ओलांडून सायखेडा, मग गंगेच्या पलीकडून चापडगाव, खाणगाव थडी, नांदूरमध्यमेश्वर आणि परत निफाड. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) पन्नासेक किलोमीटर होतात, पण घाट नाही, चढ नावालाच. चांदोरीपर्यंत हायवेची गर्दी, पुढे गावरस्ते.

सकाळी सातला निघालो. निफाडची थंडी काय सांगावी! राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत दर हिवाळ्यात या गावाचं नाव ठरलेलं. द्राक्षबागांत शेकोट्या पेटवून धूर केला होता. न्यायमूर्ती रानडे १८४२ साली इथे निफाडलाच जन्मले, हे मी नातवाला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि वेग वाढवला. शिक्षिका आजी असण्याचे तोटे त्याला पाठ आहेत.

चांदोरीला मात्र तो आपणहून थांबला. पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे, त्यांचा वाडा याच गावात. पाणी उतरलं की नदीच्या पात्रातली जुनी दगडी मंदिरं उघडी पडतात, हे ऐकून तर तो पुलाच्या कठड्याला टेकून वाकून वाकून बघायला लागला. त्या दिवशी पाणी होतं. तिथेच त्याने विचारलं, "आजी, इथे सगळं इतकं सपाट कसं?"

मी ताबडतोब उत्तर दिलं. नदीचं खनन, वहन आणि संचयन. पुराबरोबर गाळ येतो, काठावर पसरतो, हजारो वर्षांत मैदान तयार होतं. भूगोल शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे वाक्यं जिभेवर तयार असतात.

सायखेड्याला चहाला थांबलो, तर शेजारच्या बाकावरून आवाज आला, "बाई? तुम्ही?"

तिशीतला शेतकरी. चेहरा ओळखीचा वाटेना, पण नाव सांगितल्यावर पोटात लक्कन हललं. हा मुलगा मला चांगलाच आठवत होता.

सप्टेंबर २००८ मध्ये गंगेला मोठा पूर आला. मी तेव्हा याच भागातल्या एका शाळेत होते. पूर ओसरल्यावर आठ-दहा दिवसांनी हा वर्गात आला. नकाशावही आणली नव्हती. माझा नियम कडक होता. वही नाही तर तास व्हरांड्यात. का आणली नाही, हे मी विचारलंच नाही. तो बाहेर उभा राहिला आणि मी आत फळ्यावर लिहिलं, 'नदीचे कार्य'. संचयनाचे फायदे मुलांकडून तीनदा म्हणून घेतले. संध्याकाळी शिपायाने सांगितलं, त्याच्या घरात पाणी शिरलं होतं. दुसऱ्या दिवशी कपाटातली एक नकाशावही त्याच्या हातात ठेवली. बोलले काहीच नाही. पुढच्या वर्षी निवृत्त झाले.

तो आग्रहाने घरी घेऊन गेला. त्याच्या आईने तिळगूळ दिला. ओसरीच्या भिंतीवर हात ठेवून तो नातवाला दाखवत होता, २०१६ च्या ऑगस्टला पाणी इथवर, २०१९ च्या ऑगस्टला इथवर. वर गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सोडलं की त्यांना रात्र जागून काढावी लागते. खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा गाळाने भरलाय, त्यामुळे पाण्याला फुगवटा येतो, असं त्याचं म्हणणं.

निघताना मी म्हटलंच. "तेव्हा तुला बाहेर उभं केलं होतं. माझं चुकलं रे."

तो हसला. "आठवतं ना बाई. बाहेर छान ऊन होतं. घरात सगळंच ओलं होतं, अंथरूण-पांघरूण सगळं. उन्हात बरं वाटलं होतं."

त्याने हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, की खरंच तसं होतं, मला कळलं नाही. पण पुढचे चार-पाच किलोमीटर माझे पाय काही नीट चालेनात.

चापडगावला पक्ष्यांचा बाजार भरला होता. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथल्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साठला, त्यावर पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. २०२० च्या जानेवारीत रामसर यादीतलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण म्हणून नाव जाहीर झालं. नातू दुर्बिणीतून चमचे आणि चक्रवाक मोजत होता. मी गाळाकडे बघत होते. इथे पक्ष्यांचं घर उभं करणारा गाळ आणि त्या घरातून घमेल्याने उपसलेला गाळ, दोन्ही एकाच नदीचे. पुस्तकात दोघांना मिळून एकच शब्द होता आणि मी तो वर्षानुवर्षं घोकून घेतला.

खाणगाव थडीच्या पुढे नातवाला म्हटलं, "सकाळी तुला अर्धंच उत्तर दिलं. रस्ता सपाट आहे, कारण ही जागा नदीची आहे. ती अधूनमधून परत येते. आपण सायकलवर मजेत जातो, ते तिथे राहणाऱ्यांनी काय काय सोसलंय त्यावरून."

तो थोडा वेळ गप्प पॅडल मारत राहिला. मग म्हणाला, "पण आजी, तू त्यांना आधी विचारलं का नाहीस, वही का नाही आणली ते?"

याचं उत्तर माझ्या जिभेवर तयार नव्हतं. अजूनही नाही.

बाराच्या सुमारास निफाडला पोचलो. गुडघे ठीक आहेत. मुलाला तसं फोनवर कळवलं.