इनाबा सोडताना

रहिमतपूर, रात्री उशिरा.

‘पर्सोना ४ गोल्डन’ हा व्हिडिओ गेम आज खेळून संपला. २००८च्या मूळ खेळाची ही २०१२ची वाढीव आवृत्ती. खुनांचा छडा लागतो, धुकं विरतं. पण मला रडवलं ते निरोपानं. वर्षभरासाठी मामाकडे राहायला आलेला शहरी मुलगा आगगाडीत बसतो आणि मित्र गाडीबरोबर धावत सुटतात. मामाची छोटी मुलगी नानाको तर माझीच मामेबहीण झाली होती.

जुनेस हे भलंमोठं दुकान आल्यावर मामाच्या इनाबा गावाच्या पेठेतली जुनी दुकानं बंद पडत जातात. लहान गावाची ही व्यथा इतक्या मायेनं खेळात आणणाऱ्यांना माझा नमस्कार.

पुणे-मिरज मार्गावरच्या आमच्या स्टेशनावरूनही पोरं शिकायला, नोकरीला जातात. त्यांनी हा खेळ जरूर खेळावा. घाई न करता, मामाच्या घरची एकही संध्याकाळ न चुकवता.