टायगर, ब्राउनी आणि दिवाडीचा पावसाळा

दिवाडी बेटाला पूल नाही. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढायचं, मांडवी ओलांडायची आणि पलीकडे उतरायचं. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पूल व्हावा की होऊ नये यावर बेटावर अनेक वर्षं बोलणी चालू आहेत, आणि पूल नकोच असं म्हणणारी माणसं तिथे बरीच आहेत. काही आठवडे राहून झाल्यावर मीही त्यांच्याच बाजूची झाले आहे.

या बेटावर माझ्या मैत्रिणीचं सासर आहे. तिची नणंद इंग्लंडात स्विंडनला असते. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेली गोव्यातली कितीतरी कुटुंबं त्या एकाच गावात स्थिरावली आहेत. नणंदेच्या मुलीचं लग्न ऑगस्टात ठरलं आणि मैत्रिणीचा फोन आला. "घराचं काही नाही गं, कुलूप लावून जाईन. टायगर आणि ब्राउनीचं काय करू? टायगर म्हातारा झालाय. बोर्डिंगमध्ये ठेवलं तर अन्नाला तोंड लावणार नाही. तुम्ही दोघं येऊन राहाल का?" टायगर आणि ब्राउनी ही तिची दोन कुत्री. माझा नवरा नुकताच निवृत्त झाला होता. आम्ही लगेच हो म्हटलं, पण एक अट घातली: ती निघण्याच्या चार दिवस आधी आम्ही पोचणार.

ठाण्याहून मांडवी एक्सप्रेस पकडली. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या मुद्दाम हळू चालवतात. रत्नागिरीच्या पुढे डोंगरातून कोसळणारं पाणी पाहिलं की त्या हळू चालण्याचं कारण कळतं. आम्ही करमळीला उतरलो. जुन्या गोव्याला सगळ्यात जवळचं स्टेशन तेच.

ते आधीचे चार दिवस मला फार महत्त्वाचे वाटतात. मित्रांचं घर सांभाळायला जाणं म्हणजे फुकटातलं हॉटेल, असं समजणाऱ्यांनी जाऊच नये. कुत्र्याला माणूस ओळखीचा व्हायला वेळ द्यावा लागतो. पहिल्या दिवशी मैत्रिणीच्या हातात पट्टा होता आणि आम्ही मागून चालत होतो. दुसऱ्या दिवशी पट्टा माझ्या हातात आला, ती शेजारून चालली. तिसऱ्या दिवशी ती घरीच थांबली. टायगरने फाटकापाशी दोनदा मागे वळून पाहिलं आणि मग निघाला. चौथ्या दिवशी जेवण आम्ही वाढलं, तेव्हा ती नवऱ्याबरोबर मुद्दाम पणजीला गेली होती. त्यामुळे ती दोघं सामान घेऊन निघाली, त्या सकाळी घरात रडारड झाली नाही. ब्राउनी थोडा वेळ फाटकाशी बसली आणि पाऊस आला तशी आत आली.

घर जुनं, जांभ्या दगडाचं, मंगलोरी कौलांचं. पुढे बाल्कांव, म्हणजे दोन्ही बाजूंना दगडी बाकं असलेला ओटा. येणारा-जाणारा तिथेच टेकतो. दोन खिडक्यांना अजून शिंपल्यांची तावदानं आहेत. काच महाग आणि दुर्मीळ होती त्या काळात गोव्यात पातळ शिंपले कापून लाकडी चौकटीत बसवत. त्यांतून येणारा उजेड दुधट असतो. पावसाळी दुपारी त्या खोलीत वाचत बसण्यासारखं सुख नाही. आतल्या खोलीत सासूबाईंचं लाकडी ओरातोर, म्हणजे घरातला ख्रिस्ती देव्हारा आहे. त्यापुढे रोज संध्याकाळी मेणबत्ती लावायची, हे मैत्रिणीने सांगितलेल्या कामांत सगळ्यात वर होतं. मी ती रोज लावली. माझ्या घरी दिवेलागण होते त्याच वेळी.

बाकीचं तिने वहीत लिहून ठेवलं होतं. इन्व्हर्टर कुठे, विहिरीचा पंप कसा चालतो, कौल गळायला लागलं तर घमेलं कुठे ठेवायचं. कपाटातल्या चामड्याच्या चपला आठवड्यातून एकदा पुसायच्या, नाहीतर बुरशी धरते. कुत्र्यांच्या पानावर जाड अक्षरांत होतं: कांदा, मनुका, द्राक्षं, चॉकलेट चुकूनही नाही. मागच्या अंगणातून येणाऱ्या मांजरीला दूधभात द्यायचा, पण माणसांची कुठलीही गोळी तिच्या आसपास ठेवायची नाही, कारण पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर मरू शकतं. फिरून आल्यावर चारही पाय कोरडे पुसायचे आणि बोटांच्या बेचक्यांत, कानांत, शेपटीखाली गोचीड बघायचे. साचलेल्या पाण्यात तोंड घालू द्यायचं नाही. उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा लेप्टो माणसाला होतो तसाच कुत्र्यालाही होतो.

आमचा दिवस या दोघांच्या वेळापत्रकाने बांधला गेला. सकाळी सहाला त्यांना फिरवणं, मग पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या सायकलचा भोंगा. त्याच्या टोपलीत कोंड्याची पोई, कडक उंडे आणि कातरे पाव असत. ब्राउनी पोईच्या तुकड्यासाठी फाटकात उभी राही. संध्याकाळी पाचला पुन्हा फिरवणं. मधले जेवढे तास हाताशी, तेवढंच आमचं हिंडणं. ही बांधिलकी मला सुरुवातीला थोडी अडचणीची वाटेल असं वाटलं होतं. झालं उलटंच. याआधी गोव्यात आले तेव्हा एका दिवसात पाच देवळं, तीन चर्च आणि दोन किनारे उरकले होते. या वेळी एकाच वाटेवरून रोज चाललो आणि ती वाट रोज नवं काहीतरी दाखवत राहिली.

ती वाट खाजनातून जाते. खाजन म्हणजे नदीच्या भरतीपासून बांध घालून राखलेली सखल जमीन. चिकणमाती आणि पेंढ्याचे बांध, आतल्या बाजूला भातशेती, बाहेर खारफुटी. बांधाला जागोजागी मानस असते, लाकडी झडपांचं दार. भरतीचं पाणी चढलं की दार त्या दाबानेच बंद होतं आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी दार उघडून बाहेर पडतं. वीज नाही, मोटर नाही. शतकानुशतकं गावकऱ्यांनी, पुढे कोमुनिदाद या गावसंस्थांनी हे बांध राखले म्हणून ही शेती टिकली. कोरगूट नावाचं भात खारेपणा सहन करतं, म्हणून या जमिनींत ते पेरत. आता बरीच खाजनं पडीक आहेत. बांध एकदा फुटला आणि खारं पाणी आत येऊन राहिलं की भात जातं, तिवरं उगवतात आणि मग ती जमीन परत मिळवणं कठीण. हिरव्यागार पट्ट्याशेजारी असा काळपट पाण्याचा तुकडा दिसला की वाईट वाटायचं.

ब्राउनीला मानशीवरून जायला आवडत नसे. फळ्यांखालून पाण्याचा घुरघुराट ऐकू आला की ती चारी पाय रोवून उभी राही. टायगर आधी पलीकडे जाऊन तिची वाट पाही. घाई केली तर ती अजिबात हलत नसे. तेवढ्या वेळात समोरच्या खांबावर खंड्या येऊन बसे, वर ब्राह्मणी घार घिरट्या घाले, चिखलात वंचक मान आखडून उभा असे. पट्टा मात्र मी कधी सोडला नाही. बेटापासून जवळच मांडवी आणि जुवारीला जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा आहे आणि त्या निमखाऱ्या पाण्यात मगरी आहेत. फोंड्याकडच्या काही खाजनगावांत पौषात बांधावर चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. मानगेथापणी म्हणतात तिला. ज्या पाण्यावर शेती उभी आहे, त्या पाण्यातल्या जनावराचीही आठवण ठेवणारी ही रीत मला मनापासून आवडते.

मधल्या तासांत पलीकडे जुन्या गोव्यात जायचो. धक्क्यावरून चढलं की पहिली लागते व्हाइसरॉयची कमान, तिच्यावर वास्को द गामाचा पुतळा. पुढे से कॅथेड्रल, बॉम जेझू. फ्रान्सिस झेवियरचे अवशेष असलेली ती बॅसिलिका 1605 मध्ये पूर्ण झाली. आता गिलावा नसल्याने तिचा जांभा उघडा आहे आणि पावसात तो गडद लाल होतो. एका वेळी एकच इमारत पाहायची, असं आम्ही ठरवलं होतं. एक संपूर्ण दुपार सेच्या आत नुसतं बसण्यात गेली. साथींनी हे शहर रिकामं केलं आणि 1843 मध्ये राजधानी पणजीला गेली, हे पुस्तकात वाचलं होतं. बेटावरच्या टेकडीवर, पियेदादच्या चर्चसमोर उभं राहिलं की नदीपलीकडे नुसती चर्चची शिखरं झाडांतून वर आलेली दिसतात आणि शहर कुठेच दिसत नाही. वाचलेलं तिथे समजलं.

त्याच टेकडीवर, दफनभूमीतल्या छोट्या चॅपेलमध्ये, जुन्या देवळातलं कोरीव दगडी काम अजून शिल्लक आहे. कदंबांच्या काळातलं. ते पाहून आलो त्या रात्री टायगर जेवला नाही.

आधी वाटलं पावसामुळे असेल. मग त्याचं अंग तापलेलं लागलं. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या तर पांढुरक्या. फेरी बंद झाली होती आणि बेटावर जनावरांचा डॉक्टर नव्हता. मैत्रिणीच्या वहीतल्या डॉक्टरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "पाणी पितोय ना? मग घाबरू नका. तुमच्या मनाने कुठलंही औषध देऊ नका. सकाळी पहिल्या फेरीने घेऊन या." शेजारच्या आंटी छत्री घेऊन आल्या, त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. आम्ही आळीपाळीने जागलो. मी त्या रात्री जेवढी घाबरले, तेवढी स्वतःच्या दुखण्याने कधी घाबरले नसेन, कारण तो आमच्या भरवशावर ठेवलेला होता.

स्विंडनला दोन दिवसांवर लग्न. मैत्रिणीला कळवायचं का, यावर आमचं दोघांचं बोलणं झालं. नवरा म्हणाला, सकाळपर्यंत थांबू. मी तेव्हाच कळवलं. दुसऱ्याचं जनावर सांभाळताना वाईट बातमी आपल्याकडे राखून ठेवायचा अधिकार आपल्याला नाही, असं मला वाटतं. तिने ऐकून घेतलं, थोडी रडली आणि म्हणाली, "तू आहेस तिथे, बरं आहे."

पहाटे टायगरला चादरीत गुंडाळून रिक्षात घातलं आणि पहिली फेरी गाठली. रक्त तपासल्यावर प्लेटलेट खूप उतरलेल्या निघाल्या. टिक फीवर. गोचीड चावल्यावर तिच्यातून रक्तात शिरणारा जंतू लगेच दिसत नाही, आठवडे जातात, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डॉक्सिसायक्लिनचा लांबलचक कोर्स आणि गोळी कायम भरल्या पोटी. तिसऱ्या दिवशी टायगरने मासे घातलेला भात स्वतःहून संपवला, तेव्हा आंटींनी फाटकातूनच विचारलं, "जेवलो मरे?" आणि हो म्हटल्यावर छातीवर क्रॉसची खूण केली.

पाठोपाठ बोंदेरां आला. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारचा हा सण पाहायला सारा गोवा बेटावर लोटतो. वाड्यावाड्यांतले हद्दीचे तंटे मिटवायला पोर्तुगीजांनी निशाणं रोवली आणि लोकांनी ती दगडांनी पाडली, त्याची ही आठवण. आता प्रत्येक वाडा आपलं निशाण घेऊन मिरवतो, चित्ररथ निघतात, आणि दगडांऐवजी बांबूच्या फोटाशीतून फळं उडवतात. मी गेले नाही. टायगरला मोठ्या आवाजाची भीती वाटते आणि तो अजून अशक्त होता. मी मागच्या खोलीच्या खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला आणि पलंगाखाली शिरलेल्या त्याच्याशेजारी चटई टाकून बसले. ब्राउनी माझ्या पायाशी. बँडचा आवाज टेकडीवरून दिवसभर येत होता. नवरा तासभर जाऊन आला आणि रंगीत निशाणांचं वर्णन करत राहिला. सण चुकला याचं मला वाईट वाटलं, हे खरं. पण उठून जावंसं एकदाही वाटलं नाही.

मैत्रीण आणि तिचा नवरा परतले तेव्हा टायगर फाटकापर्यंत धावत गेला. दुसऱ्या दिवशी कुत्री मैत्रिणीकडे सोपवून आम्ही बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या फेरीने नार्व्याला गेलो. सप्तकोटेश्वर हे कदंबांचं कुलदैवत. त्याचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं, तेव्हा भक्तांनी लिंग नदीपलीकडे नेलं आणि नार्व्याच्या लोकांनी ते सांभाळलं. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, तसा शिलालेख दारावर आहे. अलीकडे 2023 मध्ये देऊळ पुन्हा दुरुस्त होऊन खुलं झालं. दिवाडीहून आलेला तो देव पाहायला आम्ही दिवाडीवरून, त्याच नदीतून गेलो होतो, आणि गाभाऱ्यासमोर मला सारखा बेटाचा काठ डोळ्यांपुढे येत होता. खूप वेळ बसलो. प्रदक्षिणा दोनदा घातली.

परत आलो तेव्हा मैत्रीण बाल्कांवावर टायगरचे कान तपासत होती. दिवाळीनंतर त्याच्या रक्ताची पुन्हा तपासणी आहे, आणि नेमक्या त्याच आठवड्यात तिला कामासाठी दिल्लीला जायचं आहे. ती विचारायला लागली, त्याआधीच नवऱ्याने फोनवर गाडीच्या वेळा काढल्या होत्या. या वेळीही चार दिवस आधीच येऊ, असं मी तिला सांगितलं.