एक ओळ, एक माणूस

आमच्या इतवारीत बाजाराच्या रस्त्यांना 'ओळ' म्हणतात. लोहा ओळ, भांडे ओळ, किराणा ओळ. कॉन्व्हेंटच्या कृपेने 'रो' आणि 'ओळ' हे एकच, हे माझ्या डोक्यात शिरलं ते कॉलेजात डेटाबेस शिकताना!

त्याच जोरावर दिवाळीच्या सुट्टीत आबांच्या ठोक किराणा दुकानातली उधारीची यादी मी अंगावर घेतली. "कम्प्युटरवर पाच मिनिटांत करून देते," म्हटलं. रोजकीर्दीत व्यवहार घडतात तसे लिहिलेले असतात. एकच गिऱ्हाईक वीसदा आलं की त्याच्या वीस ओळी. बाकी किती, हे कळायला दर गिऱ्हाइकाची एकच ओळ हवी. आपल्या मेससारखंच! रजिस्टरात रोजच्या खुणा, बिलावर एकच आकडा.

दोन दिवस एन्ट्री केली. मग नावावर 'ग्रुप बाय', उधार वजा जमा यांची 'सम', आणि एंटर. 411 ओळींच्या 53 झाल्या. मी खूश!

काकांनी यादी पाहून उमरेडच्या एका दुकानदारांना बाकीसाठी फोन केला. दुसऱ्या दिवशी ते म्हातारे गृहस्थ पहिल्या बसने दुकानात हजर. टोपी हातात, आवाज कापरा. "पोळ्याच्या आधीच चुकता केला ना जी मी हिशेब! इतक्या वर्षांत कधी बुडवलं का तुमचं? मी काय खोटं बोलून राहिलो?"

आबांनी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि लाल खतावणी उघडली. त्याच नावाची दोन खाती होती. एक उमरेडचं, एक कामठीचं. उमरेडचं शून्य. बाकी सगळी कामठीची. माझ्या क्वेरीने दोन माणसांचा एक माणूस केला होता, आणि दुसऱ्याचं कर्ज एका सरळ माणसाच्या डोक्यावर ठेवलं होतं.

"कीर्दीत हा रकाना दिसला नाही का तुले?" आबांनी विचारलं. प्रत्येक नोंदीपुढे 'खा. पा.' म्हणजे खाते पान लिहिलेलं होतं. तो बिनकामाचा समजून मी एन्ट्री करतानाच गाळला होता! "नाव सारखं असू शकते बेटा, पान नाही." खतावणीतही उलट कीर्दीचं पान होतं. म्हणजे बेरजेवर शंका आली की मूळ नोंदीपर्यंत परत जाता येतं.

पुढे वाचलं तर इटलीच्या लुका पाचोलीने 1494 च्या ग्रंथात अशीच पानांची खूण करायला सांगितलंय. कॉडने 1970 मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं, त्यात 'प्रायमरी की' आहे. तिची व्याख्या मी व्हायवात धडाधड म्हटली होती. पण तिच्या जागी चुकीचा रकाना धरला तर कुणाला पहाटेची बस धरून यावं लागतं, हे व्हायवात कुणी विचारत नाही.

मी पुन्हा बसले. गाळलेला रकाना भरला, खाते पानावर ग्रुप केलं. या वेळी 54 ओळी आल्या. ती जास्तीची एक ओळ म्हणजे ते म्हातारे गृहस्थ.

त्यांची माफी मागितली तेव्हा ते हसून म्हणाले, "होते बेटा." माझ्या मनातून मात्र त्यांच्या हातातली टोपी जात नाही.

ता. क. मेस सेक्रेटरींना नम्र विनंती: बिलं नावावर नको, रोल नंबरवर करा. आपल्या होस्टेलमध्ये एकाच नावाचे तिघे आहेत!