पाटीवरचे नाव

बंगळूरमधील दोन प्रमुख रस्त्यांना कोडगूच्या दोन सेनानींची नावे दिलेली आहेत. रेसिडेन्सी रोड हा कागदोपत्री फील्ड मार्शल करिअप्पा मार्ग, तर रिचमंड रोड हा जनरल थिमय्या मार्ग. करिअप्पा १९४९ साली पहिले भारतीय सरसेनापती झाले. थिमय्या १९५७ ते १९६१ या काळात भूदलप्रमुख होते. तरीही शहराच्या तोंडी अद्याप रेसिडेन्सी आणि रिचमंड हीच नावे आहेत. राज्य जाते, पण जिभेला लागलेले वळण सहसा जात नाही.

येलहंक्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. तेथील एका मोठ्या रस्त्याला मेजर संदीप उन्नीकृष्णन यांचे नाव आहे. १९७७ साली कोझिकोड येथे जन्मलेले आणि बंगळुरात वाढलेले संदीप १९९५ मध्ये खडकवासल्याच्या प्रबोधिनीत दाखल झाले. २८ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात, जखमी सहकाऱ्याला सुरक्षित हलवण्याची व्यवस्था करून ते एकटेच अतिरेक्यांच्या मागे गेले आणि तेथेच कामी आले. तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. पुढे २००९ च्या प्रजासत्ताकदिनी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

याच मार्गाशी जोडलेल्या उड्डाणपुलाला सप्टेंबर २०२० मध्ये सावरकरांचे नाव देण्यात आले. कर्नाटकातील एखाद्या स्वातंत्र्यसैनिकाचे नाव का नाही, असा विरोधी पक्षांचा आक्षेप होता. भगूरचे सावरकर आणि मुंबईसाठी प्राण देणारे संदीप, दोघांचेही महाराष्ट्राशी नाते. आणि दोघांची नावे कानडी मुलखातील एकाच वाटेवर एकत्र आली. पुलाच्या नावावरून सभा गाजल्या, निदर्शने झाली. रस्त्याच्या नावाबद्दल मात्र कोणी वाद घातला नाही. निर्विवाद सन्मानाच्या वाट्याला पुष्कळदा असे मौन येते, आणि मौनातून विस्मरणाकडे जायला फार अंतर लागत नाही.

वस्तुतः नामकरणाने मृताला काहीच मिळत नाही. ती जिवंतांनी दिलेली ऋणाची कबुली असते. येथे तर ऋण मुंबईचे आणि पाटी बंगळूरची आहे. परंतु नुसत्या नावाने कबुली पुरी होत नाही. काही वर्षांत नावाचा पत्ता होतो आणि पत्रावर लिहिण्यापुरताच तो उरतो. म्हणून अशा पाटीवर नावाखाली आणखी एक ओळ असावी: हा कोण, कोठे पडला, कोणासाठी. रस्ता ओलांडण्यासाठी थांबलेल्या एखाद्या मुलाने ती वाचून आईला प्रश्न विचारला, तर त्या दिवसापुरते का होईना, नामकरण सार्थ होईल.