खोटी घंटा

आमचे वणी गाव सप्तशृंगीच्या गडाच्या पायथ्याशी वसलेले आहे. गावाबाहेर आमचा लहानसा द्राक्षमळा असून त्याच्या कडेस गाईचा गोठा आहे. आमच्या दिंडोरी तालुक्यास बिबट्याचे भय नवे नाही. म्हणून वडिलांनी गोठ्याभोवती तारेचे कुंपण घालून त्यास विजेची घंटा जोडली. तारेस धक्का लागला की घरात घंटा वाजावी, अशी ती योजना. परंतु घंटा वाजे ती बहुधा वाऱ्याने, कुत्र्याने, नाही तर कशानेच नाही! वडील प्रत्येक वेळी बॅटरी घेऊन धावत आणि रिकामे परत येत.

पौषातील एका रात्री वडील माल घेऊन नाशिकला गेले होते. घंटेची जबाबदारी माझ्यावर होती. दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती. घंटा दोनदा वाजली, दोनदा मी थंडीत जाऊन आलो. तेथे काही नव्हते. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा मी अंथरुणातूनच हात लांब करून तिचे बटण बंद केले. सकाळी गोठ्यात वासरू नव्हते. गाय दावे ताणून हंबरत होती. आई मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

चैत्रात गडाच्या यात्रेस मामा आले. ते विमानचालक आहेत. त्यांना सर्व हकीकत सांगून मी म्हणालो, "मामा, घंटाच लबाड! त्यात माझा काय दोष?"

मामा हसले नाहीत. ते म्हणाले, "बाळ, अशी एक घंटा आमच्याही पुढे असते. तिला टीकॅस म्हणतात. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ माणसे दगावली. त्यानंतर आपल्या देशात हे यंत्र सक्तीचे झाले. ते आसपासच्या विमानांना रेडिओने प्रश्न विचारते; त्यांतील ट्रान्स्पाँडर उत्तर देतो. उत्तरावरून अंतर, उंची व वेग ताडून यंत्र प्रथम सावध करते आणि मग 'वर चढा' किंवा 'खाली उतरा' अशी आज्ञा देते."

"ते कधी खोटे बोलते का?"

"बोलते तर! एखादे विमान वेगाने वर चढत असते. दुसऱ्याच्या हजार फूट खाली थांबावे, असा त्याच्या चालकाचा बेत असतो. यंत्रास वेग कळतो, बेत कळत नाही. म्हणून ते ओरडते. कधी जमिनीवरील कारागीर ट्रान्स्पाँडर तपासताना त्यात उंचीचा कल्पित आकडा घालतात. मग वरून जाणाऱ्या विमानास, जेथे काहीच नाही तेथे दुसरे विमान भासते."

"मग अशा वेळी तुम्ही काय करता?"

"आज्ञा पाळतो. टक्कर अवघ्या पंधरा ते पस्तीस सेकंदांवर आली असता ती आज्ञा होते. खरी की खोटी, याचा वाद घालण्यास तेवढा अवधी पुरत नाही. १ जुलै २००२ रोजी जर्मनीतील उबरलिंगेन गावावर एका विमानास यंत्र 'वर चढा' म्हणत होते आणि जमिनीवरील नियंत्रक 'खाली उतरा' म्हणत होता. चालकाने नियंत्रकाचे ऐकले. समोरचे विमान यंत्राच्या आज्ञेने खालीच येत होते. ७१ जीव गेले. त्यांत बहुतेक मुलेच होती."

मी गप्प झालो. थोड्या वेळाने विचारले, "आणि आज्ञा खोटी निघाली तर?"

"तर खाली उतरल्यावर लेखी नोंद करतो. अशा नोंदी तपासूनच यंत्राची गणिते पुढे सुधारली गेली. घंटा खोटी वाजली, तर ती बंद करणे हा उपाय नव्हे. आधी उठावे, मग ती खोटी का वाजली हे शोधावे. तू दोनदा उठलास, पण एकदाही शोधले नाहीस."

मामांचे ते शब्द मला फार लागले, कारण ते खरे होते. त्या दिवसापासून मी घंटेजवळ एक वही ठेवली. घंटा वाजली की जाऊन पाहावे आणि वेळ, वारा व कारण टिपून ठेवावे, असा नेम धरला. काही दिवसांत असे दिसून आले की, निष्कारण वाजणे बहुतेक पश्चिमेचा वारा सुटला असतानाच होते. त्या बाजूस शोध घेता विहिरीजवळच्या बोरीची एक फांदी तारेवर घासत असलेली आढळली. वडिलांनी ती छाटली. पौषातच कोणी तिकडे नीट पाहिले असते, तर कदाचित वासरू वाचले असते.

घंटा अजूनही कधी कधी खोटी वाजते. काल रात्रीही वाजली. मी उठून गेलो. कुंपणापाशी मांजर होते. गोठ्यात गाईजवळ तिचे नवे वासरू निजले होते. मी वहीत 'मांजर' असे लिहिले, आणि अंथरुणावर पडताच मला शांत झोप लागली.