महागड्या शहरात चार दिवस

जगातील महाग शहरांची यादी निघाली की सिंगापूरचे नाव वरच्या रांगेत असतेच. तिकीट आणि व्हिसा सोडून चार दिवसांसाठी 300 डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे 20,000 रुपये, एवढ्यावर मी निघाले आहे हे कळल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये हशा पिकला. घरी प्रश्न वेगळा होता. "एकटी?" अम्मींनी तीनदा विचारले. बाईच्या एकटीच्या प्रवासाबद्दल उलेमांची मते वेगवेगळी आहेत. मी ती वाचली, घरच्यांशी बोलले आणि सगळ्यांच्या राजीखुशीने निघाले. तो वाद इथे नको.

हॉटेल परवडणारे नव्हतेच. हॉस्टेलमध्ये बायकांच्या वेगळ्या खोलीत एक पलंग, एक पडदा, एक कुलपाचे कपाट. रात्रीचे 40 डॉलर. निम्म्याहून जास्त पैसे तिथेच गेले. उरले दिवसाला 35. पण शहर पुढे फारसे खिशात हात घालत नाही. विमानतळावरून मेट्रोने निघालात, ताना मेराला गाडी बदललीत की बुगिसला उतरता येते, भाडे दोन डॉलरच्या आसपास. नळाचे पाणी बिनघोर प्यावे. घरून नेलेली स्टीलची बाटली मी चार दिवस भरत राहिले.

जेवणाची काळजी हॉकर सेंटरने मिटवली. एका छपराखाली वीस-पंचवीस गाळे, मध्ये टेबले. चिनी गाळ्यांवर डुकराचे मांस असते, म्हणून हलाल प्रमाणपत्राची पाटी पाहूनच ऑर्डर द्यावी. उष्टे ट्रे ठेवायच्या जागासुद्धा हलाल आणि बिगरहलाल अशा वेगळ्या असतात! टेक्का सेंटरची बिर्याणी किंवा मलय बाईच्या गाळ्यावरचा नारळाच्या दुधातला भात, नासी लमाक, पाच-सहा डॉलरमध्ये पोट भरते. अशा वयस्क गाळेवालीला तिथे 'मकचिक' म्हणतात, म्हणजे आपली खालाच. वर सांबल थोडे जास्त मागितले तर पैसे घेत नाहीत.

बुगिसपासून चालत कम्पोंग ग्लामला गेले की सुलतान मशिदीचा सोनेरी घुमट दिसतो. सध्याची इमारत 1932 मध्ये पूर्ण झाली. नकाशा डेनिस सँट्री या आयरिश वास्तुविशारदाचा. घुमटाच्या तळाशी एक काळसर पट्टा आहे. लांबून नक्षी वाटते. जवळून पाहिले तर ती काचेच्या बाटल्यांची बुडे आहेत, एकाशेजारी एक. श्रीमंतांनी रकमा दिल्या, गरिबांनी बाटल्या गोळा करून दिल्या, म्हणजे त्यांचाही वाटा लागला. असरची नमाज मी वरच्या मजल्यावर बायकांच्या जागेत पढले. खाली येऊन पुन्हा मान वर करून तो पट्टा बराच वेळ पाहिला. तिथे एकही नाव नाही. आपल्याकडे पंखा दिला तरी पात्यावर नाव असते.

बोटॅनिक गार्डन फुकट, मरीना बे जवळच्या बागेतले उंच लोखंडी वृक्ष आणि संध्याकाळचा दिव्यांचा खेळही फुकट. त्याच बागेतल्या काचघरांना तिकीट आहे. ती मी सोडली, आणि हळहळ वाटली नाही.

रविवार लिटल इंडियात काढावा. त्या दिवशी बांधकामावरच्या मजुरांना सुट्टी असते; तमिळ, बांगलादेशी तरुणांनी रस्ते भरून जातात. सुरतकडच्या अंगुलिया व्यापारी घराण्याच्या नावाची मशीद तिथेच आहे. जोहर आटोपून माणसे बाहेर पडत होती. बसथांब्यावर एका बांगलादेशी भाईंना रस्ता विचारला. त्यांची मोडकी हिंदी, माझी शाळेतली उर्दू, जमले. आठ वर्षे इथे आहेत. मुलगी दहावीत, घर सोडले तेव्हा ती दुसरीत होती. हॉकर सेंटरला ते जात नाहीत, खोलीतले बाराजण पाळीने रांधतात. मी प्रत्येक वस्तू रुपयांत मोजून महाग म्हणत होते. ते प्रत्येक डॉलर टाक्यांत मोजून बाजूला टाकत होते.

"आपा, राहायला किती पडले?" त्यांनी विचारले.

मी 40 सांगितले. ते ओठ हलवत हिशेब करत राहिले, मग हसले. "चार दिवसांनी घरी जाणार ना? मग महाग नाही." माझी बस आली तेव्हा त्यांनीच हात करून ती थांबवली.